नऊ लाख, पाच शाळा, तीन हजार मुलं: आरोग्य शिबिराचं पॅकेज घ्यावं का?

नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला, म्हणून आधी मला काय समजलं ते सांगते. नवी मुंबईत घणसोलीतल्या आठ-दहा सोसायट्या आणि एका सभासदाची छोटी कंपनी यांनी मिळून वर्षाला नऊ लाख रुपये जमवलेत. जवळच्या पाच पालिका शाळा, सगळी मिळून तीन हजारांच्या आसपास मुलं. एका खासगी रुग्णालयाने दर मुलामागे अडीचशे रुपयांत 'संपूर्ण आरोग्य तपासणी'चं पॅकेज दिलंय. उंची, वजन, डोळे, दात, हिमोग्लोबिन आणि वर रंगीत रिपोर्ट कार्ड. म्हणजे साडेसात लाख तिकडे. उरलेल्या दीड लाखात आरोग्यशिक्षणाची व्याख्यानं आणि पोस्टर. तुम्ही विचारता, हे किफायतशीर आहे का, आणि देणगीदारांना दाखवायला एखादा ठोस आकडा मिळेल का.

मी ठाण्यात राहते. वीसेक वर्षं शालेय आणि वस्तीपातळीवरच्या आरोग्याच्या कामात आहे. पहिली काही वर्षं शिबिरं भरवण्यात गेली, नंतरची बरीचशी त्या शिबिरांचे हिशेब तपासण्यात. म्हणून सरळ सांगते: पॅकेज घेऊ नका. पण 'का' हे नीट समजल्याशिवाय नुसता माझा सल्ला घेऊन काही उपयोग नाही. पुढच्या वर्षी दुसरं कुणीतरी दोनशे रुपयांचं पॅकेज घेऊन येईल आणि तुम्ही पुन्हा याच जागी असाल.

तुमच्या प्रश्नात 'दर मुलामागे किती रुपये' हा हिशेब आहे. खरा प्रश्न आहे 'कशाच्या मागे किती रुपये'. तपासलेल्या मुलामागे, की त्रास सापडलेल्या मुलामागे, की सहा महिन्यांनी ज्याचा त्रास खरोखर कमी झालाय अशा मुलामागे? भागाकारात खाली काय ठेवता त्यावर सगळं ठरतं. पॅकेज विकणारा नेहमी तपासलेली मुलं खाली ठेवतो, कारण तो आकडा सगळ्यात मोठा असतो आणि दर सगळ्यात लहान दिसतो.

माझीच फजिती सांगते. वागळे इस्टेटच्या बाजूला एका शाळेत आम्ही मोठं शिबिर घेतलं होतं. मंडप, फ्लेक्स, नगरसेवक, मुलांना सामोसा आणि फ्रूटी. दोन दिवसांत सगळी शाळा तपासून झाली, फोटोही छापून आला. तीनेक महिन्यांनी दुसऱ्याच कामासाठी मी तिथे गेले. मुख्याध्यापिका बाईंनी कपाट उघडलं आणि कसलासा फॉर्म शोधता शोधता रबरबँड लावलेला एक गठ्ठा बाहेर काढला. आमच्याच संदर्भ चिठ्ठ्या. 'नेत्रतज्ज्ञांना दाखवावे', 'दंतवैद्यांना दाखवावे', 'रक्त तपासणी करावी'. पालकसभेत द्यायच्या म्हणून ठेवल्या होत्या आणि पालकसभा काही झाली नव्हती. बाईंची चूक नव्हती. चिठ्ठी मिळाल्यावर पुढे कुणी काय करायचं हे आम्ही ठरवलंच नव्हतं. तपासणीला पैसे होते, चिठ्ठीला नव्हते.

आता हेच तुमच्या आकड्यांवर करून बघू. पुढचे आकडे मी समजुतीसाठी धरलेत, तुमच्या शाळांत वेगळे निघतील. समजा तीन हजारांपैकी १५० मुलांना चष्मा लागतो. पॅकेजवाले ते शोधतात, चिठ्ठ्या देतात आणि जातात. चिठ्ठी घरी गेली, आईने वाचली, एक दिवसाची मजुरी बुडवून मोठ्या रुग्णालयात नेलं, रांग लावली, नंबर काढला, चष्मा घेतला, मुलाने घातला आणि सहा महिन्यांनी तो अजून डोळ्यांवर आहे, अशी मुलं ३० धरू. साडेसात लाखांना ३० ने भागा. चष्मा खरोखर वापरणाऱ्या एका मुलामागे २५,००० रुपये.

तुम्ही म्हणाल, पॅकेजमध्ये दात आणि रक्तही आहे, सगळा खर्च डोळ्यांच्या नावावर कशाला? बरोबर आहे. एक तृतीयांश धरा, अडीच लाख. तरी एका चष्म्यामागे आठ हजारांच्या वर जातात.

दुसरा मार्ग असा. प्राथमिक चाचणी शाळेतले शिक्षकच करतात. त्यासाठी ई-तक्ता (नजर तपासायचा 'E' अक्षराचा तक्ता), सहा मीटरची टेप आणि अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण लागतं. पाच शाळांना १५,००० धरा. ज्यांना ओळ वाचता येत नाही अशी समजा २४० मुलं निघाली. त्यांच्यासाठी नेत्रतपासनीस शाळेत बोलवायचा, मुलामागे १०० रुपये, म्हणजे २४,०००. त्यातून पक्की १५० निघाली, चष्म्याला ४०० प्रमाणे ६०,०००. तुटणाऱ्या आणि हरवणाऱ्या चष्म्यांसाठी आणखी ४० चष्मे, १६,०००. आणि पाठपुराव्याला एक बाई, तिच्या वर्षभराच्या मानधनाचा चौथा हिस्सा, ४५,०००. एकूण १,६०,०००. सहा महिन्यांनी १५० पैकी ११० मुलं चष्मा वापरताना दिसली, तर एकामागे साडेचौदाशे रुपये. ११० ऐवजी ६० धरलीत तरी २,७०० च्या आत राहता.

यातली पाठपुराव्याची बाई तुमचे देणगीदार पहिल्यांदा कापायला बघतील. 'मानधनावर खर्च नको, प्रत्यक्ष मुलांवर खर्च करा' हे वाक्य मी इतक्या बैठकांत ऐकलंय की आता चहा येण्याआधीच त्याची वाट बघते. ती बाई काढा, आणि आकडा पुन्हा पॅकेजच्या दिशेने सरकायला लागतो.

चष्म्याबद्दल दोन गोष्टी जवळून बघितलेल्या सांगते, कारण पैसे अशाच ठिकाणी गळतात. पहिली अंतराची. तक्ता सहा मीटरवर लावायचा असतो. पालिका शाळेतला वर्ग बाकं लावल्यावर तेवढा मोकळा सापडत नाही, म्हणून शिक्षक चार मीटरवर भागवतात आणि सगळी मुलं पास होतात. चाचणी व्हरांड्यात घ्या आणि जमिनीवर ऑइलपेंटने कायमची रेघ मारून ठेवा. रांगेतल्या मुलांना तक्ता दिसू देऊ नका, नाहीतर पुढच्याचं ऐकून ओळ पाठ होते. दुसरी गोष्ट तुर्भ्यातल्या एका मुलीची. चष्मा मिळून चार महिने झाले होते आणि तो कंपासपेटीत रुमालात गुंडाळलेला होता. तुटला तर परत मिळणार नाही, म्हणून आईने शाळेत घालू नको असं सांगितलं होतं. मुलगी शहाणी, तिने आईचं ऐकलं. त्या दिवसापासून आम्ही पहिल्या चष्म्याबरोबरच आईला सांगायला लागलो की तुटला तर दुसरा मिळेल, रागवू नका. वरच्या हिशेबातले १६,००० त्या वाक्यासाठी आहेत.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते. सगळ्यात आधी हे बघा की सरकार तुमच्या शाळांत काय करतंय. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत सुरू झाला, तोही आपल्याच भागातून, पालघरहून. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. त्यात फिरती पथकं असतात: दोन आयुष डॉक्टर, एक परिचारिका, एक औषधनिर्माता. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांत वर्षातून एकदा तपासणी, जन्मापासून १८ वर्षांपर्यंत. जन्मजात व्यंग, आजार, पोषणाची कमतरता आणि वाढीतला उशीर असे चार गट बघतात आणि पुढचे उपचार, काही शस्त्रक्रियासुद्धा, मोफत असतात. म्हणजे तुमचं साडेसात लाखांचं पॅकेज बऱ्याच अंशी जे आधीच व्हायला हवं तेच पुन्हा करतंय.

इथे 'व्हायला हवं' आणि 'होतं' यात फरक असतो, हे मला कुणी सांगायला नको. म्हणून पहिलं काम असं करा: जवळच्या नागरी आरोग्य केंद्रात जा, वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटा आणि गेल्या वर्षी या पाच शाळांतून किती मुलं पुढच्या उपचारांसाठी पाठवली ते विचारा. यादी बहुतेक वेळा असते. त्या यादीतला शेवटचा रकाना, मूल खरंच पोहोचलं का, तो बरेचदा रिकामा असतो. तो रिकामा रकाना भरणं हाच तुमचा कार्यक्रम होऊ शकतो. तपासणीचा एक रुपयाही खर्च न करता.

यातून एक गोष्ट निघते जी सुरुवातीला मलाही उमगली नव्हती. एखादी योजना जगात कितीही किफायतशीर ठरलेली असो, ती तुमच्या पैशांनी केल्यावर किफायतशीर ठरेलच असं नाही. जंताच्या गोळीचं उदाहरण घ्या. अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी अगदी स्वस्त पडते. जिथे जंतांचा प्रादुर्भाव खूप आहे, तिथे प्रत्येक मुलाची शौच तपासत बसण्यापेक्षा सगळ्यांनाच गोळी देणं कितीतरी स्वस्त असतं, आणि शाळेत मुलं आयती एका जागी जमलेली असतात. केनियात ७५ शाळांवर झालेला एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात गोळ्यांमुळे गैरहजेरी साधारण पाव हिश्शाने घटली असं निघालं, आणि गोळी न घेतलेल्या आजूबाजूच्या मुलांनाही फायदा झाला, कारण फैलावच कमी झाला. त्या अभ्यासातले मायकल क्रेमर पुढे २०१९ च्या अर्थशास्त्राच्या नोबेलचे मानकरी झाले. मात्र तोच डेटा नंतर इतरांनी पुन्हा तपासला आणि त्यावरून चांगलीच जुंपली. सगळीकडे सरसकट मोठा फायदा होतो असं म्हणायला आज बरेच तज्ज्ञ तयार नाहीत. जंत किती आहेत त्यावर ते ठरतं.

पण तुमच्यापुरता तो वाद महत्त्वाचा नाही. भारतात २०१५ पासून जंतनाशक दिन असतो, आता सहसा १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला, आणि एक ते १९ वर्षांच्या मुलांना ही गोळी फुकट मिळते. तुम्ही तुमच्या पैशांनी गोळ्या वाटल्यात तर वेगळं काय घडलं? काहीच नाही. पण दगडखाणींच्या बाजूची, नाक्यावरच्या मजुरांची, शाळेत नाव नसलेली मुलं त्या दिवशी अंगणवाडीपर्यंत येत नाहीत. त्यांना आणायला तुमचे दोन स्वयंसेवक आणि एक रिक्षा लावलीत तर त्या रिक्षाभाड्याचा हिशेब फार उत्तम लागेल. गोळीचे पैसे सरकारचे, भाडं तुमचं.

लोहगोळीचंही असंच. आठवड्याला एक गोळी, लहान वर्गांना गुलाबी, मोठ्यांना निळी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत ५७ टक्के रक्तक्षयी, म्हणजे हिमोग्लोबिन कमी असलेल्या, निघाल्या. जिथे निम्म्याहून जास्त जणींना त्रास आहे, तिथे तीन हजार मुलांच्या बोटाला सुई टोचून आपण काय नवीन शोधणार? गोळी तर तशीही सगळ्यांना द्यायची आहे. पॅकेजमधली हिमोग्लोबिनची तपासणी मला सगळ्यात निरुपयोगी वाटते ती यासाठी. ज्या मुली खूप फिकट दिसतात, जिना चढताना थांबतात, किंवा नियमित गोळ्या घेऊनही सुधारत नाहीत, त्यांचं रक्त जरूर तपासा आणि डॉक्टरांकडे न्या. त्यात कधी सिकलसेल किंवा थॅलेसेमिया असा रक्ताचा आनुवंशिक आजार निघतो. पण अशा मुली शोधायला वर्गशिक्षिकेचे डोळे आणि एक यादी पुरते.

गोळी घरात, शाळेत पोहोचते. अडतं ते गिळण्यापाशी. एका शाळेत मनी प्लांटच्या कुंडीत मला निळ्या गोळ्यांचा थर सापडला होता. मुलींशी बोलल्यावर कारण कळलं: गोळी पहिल्या तासाला देत होते, अर्ध्या मुली घरून चहा पिऊन आलेल्या, रिकाम्या पोटी मळमळायचं. एकीला उलटी झाली आणि 'या गोळ्यांनी काहीतरी होतं' अशी बातमी पसरली. शौचाला काळं होतं हेही कुणी आधी सांगितलं नव्हतं, त्यामुळे एक आई भांडायला आली होती. आम्ही काय केलं? वार तोच ठेवला, फक्त वेळ बदलून खिचडीनंतर केली, आणि शिक्षिकेने मुलींसमोर स्वतः गोळी घ्यायची असं ठरवलं. खर्च शून्य. यानंतर मी तीनदा त्या कुंडीत बघितलं, कुंडी रिकामी होती.

'खर्च शून्य' असं मी म्हटलं, तेही पूर्ण खरं नाही म्हणा. शिक्षकांचा वेळ कुणाच्या तरी खिशातून जातोच. हिशेबात दोन बाजू ठेवायच्या असतात: तुमच्या खात्यातून गेलेले पैसे, आणि इतरांचे वेळ-श्रम धरून झालेला एकूण खर्च. शिक्षकांकडे मतदार यादी, सर्वेक्षणं, पोषण आहाराच्या नोंदी हे सगळं आधीच आहे. तुमच्या कार्यक्रमाने त्यांचा आठवड्यातला अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ जात असेल तर दुसऱ्या वर्षी तो बंद पडेल, कितीही स्वस्त असला तरी.

'जास्त खर्च केला की काम स्वस्त पडतं' हे ऐकायला विचित्र वाटतं, म्हणून उदयपूरचं उदाहरण देते. तिथल्या १३४ गावांत झालेला लसीकरणाचा हा प्रयोग अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्या गटाचा. काही गावांत ठरलेल्या दिवशी नक्की भरणारी लसीकरण शिबिरं लावली. काही गावांत शिबिर आणि वर प्रत्येक लसीमागे आईला एक किलो डाळ, सगळ्या लसी पूर्ण झाल्या की थाळ्यांचा सेट. काहीच न केलेल्या गावांत पूर्ण लसीकरण झालेली मुलं सहा टक्के होती, नुसत्या शिबिरांच्या गावांत १८ आणि डाळीच्या गावांत ३९. आता खर्च बघा. पूर्ण लसीकरण झालेल्या एका मुलामागे नुसत्या शिबिरात २,२०२ रुपये लागले आणि डाळ देऊन १,१०२. कारण नर्सचा दिवस, गाडी, बर्फाची पेटी यांचा खर्च दहा मुलं आली काय आणि तीस आली काय, तेवढाच राहतो. डाळीने मुलं वाढली आणि तो खर्च जास्त डोक्यांवर वाटला गेला.

तुमच्याकडे डाळ वाटा असं मी म्हणत नाही. डाळीच्या जागी तुमच्याकडे मजुरी आहे. घणसोली, रबाळे, दिघा या पट्ट्यातल्या बऱ्याच आया घरकामाला किंवा एमआयडीसीत कंत्राटावर जातात. एक खाडा म्हणजे त्या दिवसाचे पैसे गेले. म्हणून नेत्रतपासनीस रविवारी बोलवा. मुलाला वाशीच्या रुग्णालयात न्यायचं असेल तर आईला पाठवू नका, आईची सही घ्या आणि तुमची बाई चार मुलांना एकदम घेऊन जाऊ दे. रिक्षा, वडापाव, केस पेपर धरून मुलामागे दोनशे-तीनशे रुपये होतील. ते जास्त वाटले तर वरचे २५,००० आठवा.

पाठपुराव्याच्या बाईवर मी इतका भर देते त्याला महाराष्ट्रातलंच कारण आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांची घरी काळजी घेतली. वजन, ऊब, श्वास मोजणं, जंतुसंसर्ग ओळखणं आणि औषध देणं. १९९९ मध्ये तो अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. तिसऱ्या वर्षी त्या गावांतले नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे ६२ टक्क्यांनी कमी होते आणि एका बाळामागे खर्च पाच डॉलरच्या थोडा वर. हॉस्पिटल नाही, यंत्र नाही. गावातली, दाराशी पुन्हा पुन्हा जाणारी बाई. पुढे आशा ताईंच्या घरभेटी देशभर सुरू झाल्या त्यामागे हे काम होतं. तुमची बाईही त्याच वस्तीतली निवडा. दहावी झालेली, मोबाईल वापरणारी आणि कुणाच्याही घरात 'काय गं, गेली होतीस का?' असं विचारत शिरू शकणारी. महिना १५,००० धरा, वर्षाचे १,८०,०००. तिचा चौथा हिस्सा चष्म्यात गेला, बाकीचा वेळ दात, कान, हृदयाची मुलं, रेशनकार्ड-आधारची जुळवाजुळव. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून किंवा बाल स्वास्थ्यमधून शस्त्रक्रिया फुकट होते, पण घरात कागद नसतात आणि एका कागदासाठी तीन खेपा होतात. त्या खेपा तिने घालायच्या.

दातांचं थोडक्यात: किडलेले दात मोजू नका, ते असणारच. नेरूळ-खारघरकडे दंत महाविद्यालयं आहेत, त्यांना शिकवण्यासाठी रुग्ण लागतात. बस तुमची, उपचार त्यांचे. बोलणी करून बघा.

व्याख्यानांबद्दल माझं मत कडू आहे. 'हात धुवा' यावर तासभर भाषण आणि मोरीवर साबण नाही, असं मी अनेकदा बघितलंय. तो पैसा साबणात घाला, जाळीच्या पिशवीत नळाला बांधून. मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी आहे का ते बघा. तंबाखूचं म्हणाल तर २००३ च्या कायद्यानुसार शाळेपासून १०० यार्डांच्या आत विक्रीला बंदी आहे. टेप घेऊन मोजा, मुख्याध्यापकांच्या पत्रासह तक्रार द्या. शंभर पोस्टरपेक्षा एक टपरी हलली तर जास्त फरक पडतो. एक भाषण मात्र मी करते, आयांसमोर, मिश्रीबद्दल. सकाळी आई मिश्री लावते, शेजारी पाच वर्षांची मुलगी बोट पुढे करते आणि तिलाही थोडी मिळते. हे कुठल्याही पोस्टरवर नसतं.

मोठ्या प्रमाणावर काम करायचं झालं की चित्र बदलतं, हेही मान्य करते. नवी मुंबई महापालिकेने २०१८ च्या जुलै-ऑगस्टमध्ये निम्म्या शहरात नऊ महिने ते १४ वर्षांच्या मुलांना टायफॉईडची नवी संयुग्म (कॉन्जुगेट) लस दिली. सार्वजनिक यंत्रणेतून ही लस देणारं ते जगातलं पहिलं शहर. १,१३,४२० मुलांना लस मिळाली, लक्ष्याच्या साधारण ७१ टक्के. लस घेतलेल्या मुलांत टायफॉईड लक्षणीय कमी झाल्याचं नंतरच्या अभ्यासांत दिसलं. हे जमलं कारण पालिकेकडे आरोग्य केंद्रं, सिस्टर, आशा ताई आणि शीतपेट्या आधीच होत्या. नव्याने उभं करायचं फार थोडं होतं. नऊ लाखांची संस्था असं काही करू शकत नाही आणि करू नये. पण अशी मोहीम पुन्हा आली तर उरलेल्या २९ टक्क्यांच्या दारात जाणं तुम्हाला जमेल.

राहिला देणगीदारांसाठी आकडा. अभ्यासांमध्ये आजार आणि मृत्यूमुळे गेलेली निरोगी वर्षं मोजतात आणि एक वर्ष वाचवायला किती पैसे लागले ते काढतात. सरकारी पातळीवर लस घ्यावी का, औषध यादीत टाकावं का, हे ठरवायला तो हिशेब उपयोगी आहे. पाच शाळांसाठी कुणी तुम्हाला असा आकडा काढून दिला तर त्यात निम्मी गृहीतकं असतील. त्याऐवजी एक वही करा, तीन रकाने: सापडलं, पोहोचलं, टिकलं. चष्म्यासाठी 'टिकलं' म्हणजे सहा महिन्यांनी न सांगता एखाद्या मंगळवारी वर्गात जाऊन मोजलेले डोळ्यांवरचे चष्मे. कंपासपेटीतले नाहीत. एकूण खर्चाला शेवटच्या रकान्याने भागा आणि तोच आकडा देणगीदारांना दाखवा. पहिल्या वर्षी तो लाजिरवाणा असेल. माझा होता.

आणि पाचही शाळा एकदम सुरू करू नका. चिठ्ठ्या टाकून तीन निवडा, दोन पुढच्या वर्षी. केनियातही शाळांचे गट करून टप्प्याटप्प्यानेच गोळ्या सुरू केल्या होत्या. उरलेल्या दोन शाळांत त्याच मंगळवारी चष्मे मोजले की तुमच्यामुळे किती फरक पडला याचा अंदाज येतो. पाच शाळांत त्याने काही सिद्ध होत नाही, पण स्वतःची फसवणूक थोडी कमी होते.

पाचही शाळा धरून मोटामोटी पैशांचं असं: बाईचे १,८०,०००, चष्म्यांचे तिचा हिस्सा सोडून १,१५,०००, ने-आण आणि केस पेपर एक लाख, साबण-कड्या-टेप पन्नास हजार, अडीअडचणीच्या मुलांसाठी एक लाख. साडेपाच लाखांच्या आत आलं, आणि पहिल्या वर्षी तीनच शाळा म्हटल्यावर त्याहूनही कमी लागेल. बाकीचे खात्यात राहू द्या. वर्षअखेरीस संपवायलाच हवेत म्हणून मार्चमध्ये शिबिर घेऊ नका.

शेवटी तुम्ही फ्लेक्सचं विचारलंय, देणगीदारांची नावं किती मोठी असावीत म्हणून. एकच लावा, शाळेच्या आतल्या भिंतीवर. नावं खाली, वर पाठपुराव्याच्या बाईचं नाव, ती शाळेत कुठल्या वारी बसते ते, आणि चष्मा तुटला तर कुठे यायचं ते. अक्षरं मागच्या बाकावरून वाचता येतील एवढी ठेवा. ज्याला वाचता येणार नाही, तो मुलगा तिथेच सापडेल.